सिस्टीममध्ये होत नाही

निवृत्त झालं की माणूस निवळतो, असं आमच्या काशीतल्या ब्रह्माघाटाच्या मराठी मंडळातले सगळे मला सांगत असतात. मी काही निवळले नाही. हॉटेल सोडून दोन वर्षं झाली, तरी सकाळी भाजी निवडताना एखादी गोष्ट आठवते आणि हातातली मेथी देठासकट टोपलीत जाते. यंदा मंडळाच्या अंकासाठी लेख मागायला आलेले आपटे म्हणाले, "मेधाताई, हॉटेलातले गमतीदार अनुभव लिहा. लोकांना आवडतात." गमतीदार अनुभव आहेत. पण ते लिहायला बसले की त्यांच्या आधी हाच येऊन उभा राहतो. तेव्हा हाच लिहिते. गंमत दुसऱ्या कुणाकडून घ्या.

माझा जन्म दुर्गाघाटाचा, सासर बालाजी घाटावरच्या गल्लीतलं. वडील याज्ञिकी करायचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि अठ्ठावीस वर्षं कैंटातल्या, म्हणजे छावणी भागातल्या, एका मोठ्या हॉटेलात इंग्रजी. रोज गल्लीतून पायी चौकापर्यंत यायचं, तिथून रिक्षा धरायची आणि हॉटेलच्या मागच्या दाराने आत जाऊन साडी सारखी करून पुढच्या काउंटरवर उभं राहायचं. कारकुनापासून सुरुवात केली आणि ड्यूटी मॅनेजर म्हणून संपवलं. ड्यूटी मॅनेजर म्हणजे काय, तर पाहुणा भडकला की ज्याला बोलावतात ते माणूस.

पाहुणे सगळ्यात जास्त भडकायचे ते कार्डावरून. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यासारख्या हॉटेलांच्या साखळ्या असतात, देशोदेशी. त्यातल्या कुठल्याही हॉटेलात तुम्ही राहिलात की तुमच्या नावावर तेवढ्या रात्री जमा होतात. रात्री वाढल्या की कार्डाचा रंग बदलतो. चांदी, सोनं, त्याच्याही वर. वरचं कार्ड असलं की मोठी खोली, नाश्ता, आणि निघायच्या दिवशी अकराऐवजी चारपर्यंत खोली ठेवायची मुभा. विमान कंपन्यांचंही तसंच. जास्त उडालात की वेगळी रांग, जास्त सामान, पुढची सीट.

आता गंगेवर जहाजांच्या सफरी सुरू झाल्या. कोलकात्याहून किंवा पाटण्याहून येतात आणि काशीला संपतात. जहाजवाली कंपनी पाहुण्यांना सगळं एकत्र विकते: जहाज, शेवटची हॉटेलातली रात्र, परतीचं विमान. त्यासाठी ती आमच्याकडून वीस-तीस खोल्या ठोक भावात उचलते. पाहुणा मोठ्या अभिमानाने काउंटरवर सोन्याचं कार्ड ठेवतो आणि आम्ही म्हणतो, "माफ करा, तुमचं बुकिंग जहाज कंपनीचं आहे. या रात्री मोजल्या जाणार नाहीत, कार्डाच्या सवलती लागू नाहीत." खोली आमची, माणूस आमचा जुना, कार्डावर नाव त्याचं. तरी तो आमचा पाहुणा नाही. जहाज कंपनीचा आहे.

याच्यावर माणसं कशी वागतात ते मी पाहिलंय. एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी पत्त्यांसारखी पाच कार्डं काउंटरवर मांडली आणि म्हणाले, यातलं एक तरी चालेल ना? एका दंतवैद्यांनी आयुष्यात काढलेल्या हॉटेलच्या रात्रींची हाताने लिहिलेली वही आणली होती, शहर आणि खोली नंबरासकट. आम्ही सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचो: "सर, सिस्टीममध्ये होत नाही."

हे वाक्य खोटं होतं. सिस्टीममध्ये होत होतं. कार्डाचा नंबर टाकायची चौकट होती, निघायची वेळ बदलायची चौकट होती, आणि नियमांच्या फाइलीत स्वच्छ लिहिलेलं होतं की खोली रिकामी असल्यास ड्यूटी मॅनेजर आपल्या अधिकारात सवलत देऊ शकेल. पण आमच्या जनरल मॅनेजरसाहेबांनी तोंडी सांगून ठेवलं होतं: "क्रूज़ वालों को कुछ नहीं देना. एक को दिया तो पूरा ग्रुप लाइन में लग जाएगा." लेखी काही नाही. सगळं तोंडी. सिस्टीमवर ढकललं की पाहुण्याला भांडायला समोर माणूसच उरत नाही, ही त्यातली युक्ती. मी ती नव्या पोरींना शिकवायचे. चांगली शिकवायचे.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. जानेवारी होता. नदीला पाणी कमी म्हणून जहाज काशीच्या अलीकडेच थांबलं आणि मंडळी दुपारी बसने हॉटेलात आली. सगळे परदेशी, त्यांच्यात एकच आपलं जोडपं. सांगलीचे रमेश शिरसाट आणि त्यांच्या पत्नी सुमन. शिरसाट पंपांच्या कारखान्यात विक्रीवर होते. पंचवीस वर्षं देशभर फिरले आणि कंपनीच्या खर्चाने आमच्याच साखळीच्या हॉटेलांत राहिले. निवृत्त होताना त्यांना साखळीने आजीवन सोन्याचं कार्ड दिलं होतं. सुमनताई या सगळ्या काळात सांगलीत. दोन मुलं, अंथरुणावरच्या सासूबाई. बाहेरगावी हॉटेलात राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

हे मला नंतर कळलं. त्या क्षणी दिसलं ते एवढंच, की एक उंच गृहस्थ काउंटरवर कार्ड ठेवून बायकोला म्हणाले, "आता बघ हं."

काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट केलं आणि शिकवलेलं वाक्य म्हटलं. गृहस्थ हसले. त्यांना वाटलं, मुलगी नवी आहे. म्हणाले, "तुमच्या मॅनेजरना बोलवा." मी गेले. छातीवरची माझ्या नावाची पट्टी त्यांनी वाचली आणि चेहरा खुलला.

"पाटणकर? अहो, मराठी का तुम्ही?"

"हो. इथलीच, दुर्गाघाटावरची."

"सुमन, बघ, आपलंच माणूस निघालं." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "ताई, मला मोठी खोली वगैरे नको. नाश्ता पण नको. हिला जहाजावर दोन दिवस ताप आहे, खोकला आहे. उद्या आमचं पुण्याचं विमान संध्याकाळी सातला. तेवढी खोली चारपर्यंत ठेवू द्या. कार्डावर ते मिळतंच. बाकीची मंडळी सकाळी बोधगयेला जाणार, म्हणजे गर्दी पण नाही."

समोरच्या पडद्यावर दुसऱ्या दिवशीच्या खोल्या दिसत होत्या. चौदा रिकाम्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "नाही हो, सिस्टीममध्ये होत नाही."

सुमनताई पुढे आल्या. अंगावर शाल, नाक लाल झालेलं. त्यांनी विचारलं, "होत नाही, की करायचं नाही?"

"होत नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी इंग्रजीत हजार वेळा म्हटलं असेल, हिंदीत त्याहून जास्त. मराठीत त्या दिवशी पहिल्यांदा. आमच्या काशीत मराठी बाजारात बोलत नाहीत, कचेरीत बोलत नाहीत. ती आईशी, नवऱ्याशी, मुलांशी बोलायची भाषा. आपल्या माणसाशी बोलतो त्या भाषेत मी खोटं बोलले आणि जीभ अडखळलीसुद्धा नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं. जीएमसाहेब तिथे नव्हतेही. निव्वळ सवय. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कोहरा, दाट धुकं. समोरचा रस्ता दिसत नव्हता. अकराला शिरसाट जोडपं खोली सोडून सामानासकट लॉबीत येऊन बसलं. शिरसाटांनी विचारलं की दुपारपर्यंतचं भाडं घेऊन खोली देता का. काउंटरने सांगितलं की अर्ध्या दिवसाची पद्धत नाही, पूर्ण दिवसाची घ्या. सुमनताई म्हणाल्या, "राहू दे. एवढं कार्ड असून वर पुन्हा खोली विकत घ्यायची? पाच तास तर बसायचं." तशा त्या बसल्या. लॉबीतलं फिरतं दार फिरलं की गार हवा आत यायची. मी एकदा आल्याचा चहा पाठवला. चहा पाठवून आपण काहीतरी केलं असं मला वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

दोनच्या सुमारास विमान रद्द झाल्याचं कळलं. शिरसाटांकडे त्या विमान कंपनीचंही कार्ड होतं, चांदीचं. त्यांनी फोन लावला, मोठ्या धीराने कार्डाचा नंबर सांगितला. पलीकडच्या मुलीने विचारलं, तिकिटाचा पीएनआर? त्यांच्याकडे होता तो जहाज कंपनीचा बुकिंग नंबर. विमानाचा त्यांना कुणी दिलेलाच नव्हता. नाव सांगून शोधल्यावर ती म्हणाली, "सर, हे ग्रुपचं तिकीट आहे. बदल ज्यांनी काढलं तेच करू शकतात." जहाज कंपनीचा माणूस सकाळीच बोधगयेच्या बसबरोबर निघून गेला होता. त्याचा फोन लागेना. दिल्लीच्या ऑफिसात लागला तर तिथून उत्तर, "सर, तुमची सफर काल जहाजावरून उतरलात तेव्हा संपली. विमानाचं एअरलाइनशी बोला."

मी हे सगळं काउंटरच्या आतून ऐकत होते. हॉटेल म्हणतं, तुम्ही जहाजवाल्यांचे. विमानवाले म्हणतात, तुम्ही जहाजवाल्यांचे. जहाजवाले म्हणतात, आमचे तुम्ही कालपर्यंत होतात. खिशात दोन दोन कार्डं असलेला माणूस, आणि त्या दुपारी तो कुणाचाच नव्हता.

शेवटी शिरसाट उठून काउंटरवर आले. "ताई, एक खोली द्या. पूर्ण भाड्याने द्या. हिला झोपवू द्या." त्यांच्या आवाजातला कालचा खुलेपणा पार गेला होता. ते अर्ज भरत असताना मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सुमनताई उठायला गेल्या आणि खुर्चीच्या बाजूला कोसळल्या.

मी काउंटरच्या आतून कशी बाहेर आले ते आठवत नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. श्वास लागला होता, ओठ काळसर दिसत होते. मी ओरडून दोनशे चौदाची चावी मागितली. तेवढ्यात जीएमसाहेब आले. त्यांनी आधी लॉबीतल्या इतर पाहुण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रूम किसके नाम पर खुल रहा है?"

"मेरे नाम पर."

"मिसेज़ पाटणकर, प्रोसीजर..."

"सर, बाजूला व्हा," मी म्हटलं, आणि तेही मराठीत. त्यांना समजलं असावं, कारण ते बाजूला झाले.

डॉक्टर आले. रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेला होता. खोलीत झोपवायची वेळ टळून गेली होती, सरळ इस्पितळात न्यावं लागलं. न्यूमोनिया. पहिले दोन दिवस डॉक्टरांनी शिरसाटांना कुठलाच शब्द दिला नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. आणखी चार दिवस त्या तिथेच होत्या.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. शिरसाट औषधं आणायला खाली गेले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. "सुमनताई, त्या दिवशी मी खोटं बोलले. करता येत होतं. चौदा खोल्या रिकाम्या होत्या. मी केलं नाही."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं तेव्हा तुमची नजर पहिल्यांदा खाली गेली."

"माफ करा असं म्हणायला पण तोंड नाही मला."

"म्हणू नका. मी माफ केलं असं मी म्हणणार नाही. माझा जीव जात होता." थांबून त्यांनी श्वास घेतला. "इथलं जेवण मला गिळवत नाही. उद्या येताना मऊ भात आणाल?"

उरलेले दिवस मी दोन्ही वेळा डबा नेला. मऊ भात, मेतकूट, कधी मुगाचं वरण. त्या जेवायच्या आणि डबा धुऊन परत द्यायला नवऱ्याला सांगायच्या. आम्ही फार बोललो नाही. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही.

ते सांगलीला परतले आणि त्यांच्या मुलाने साखळीच्या मुख्य ऑफिसला तक्रार केली. मला खुलासा मागितला गेला. जीएमसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की जहाज कंपनीच्या बुकिंगवर वेळ वाढवून देणं सिस्टीममध्ये शक्य नव्हतं, आणि तसं पाहुण्यांना नम्रपणे सांगितलं गेलं होतं. "बस साइन कर दीजिए. आपकी रिटायरमेंट में साल भर भी नहीं है, क्यों झंझट?"

मी सही केली नाही. घरी येऊन स्वतः खुलासा लिहिला. सिस्टीममध्ये शक्य होतं. नियमांत परवानगी होती. तोंडी मनाई होती, ती कुणाची हेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की निर्णय माझा होता आणि तो चुकला.

मुख्य ऑफिसने माझ्या चार वाक्यांतलं फक्त शेवटचं उचललं. शिरसाटांना पत्र गेलं: आमच्या नियमांप्रमाणे आपल्याला सवलत मिळायला हवी होती, संबंधित कर्मचाऱ्याने आपला अधिकार योग्य रीतीने वापरला नाही, योग्य कारवाई करण्यात येत आहे, आणि झालेल्या गैरसोयीबद्दल आपल्या खात्यात बोनस पॉइंट जमा करत आहोत. गैरसोय! योग्य कारवाई म्हणजे मला काउंटरवरून काढून तळघरातल्या मेजवान्यांच्या ऑफिसात बसवलं. तोंडी मनाईचा उल्लेख कुठेच नाही. तोंडी होती ना. जीएमसाहेब आणखी मोठ्या हॉटेलात जाणार असल्याची बातमी त्याच आठवड्यात आली.

मी चुकले हे मला मान्यच आहे, पण एवढी मोठी साखळी आपल्या पापाला माझ्या चुकीचं झाकण लावते, याने माझं डोकं अजून तापतं. खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात. मला मुळीच मोकळं वाटलं नाही. खालच्या खोलीत लग्नांच्या जेवणाच्या याद्या करत मी दातओठ खात बसायचे.

महिन्याभराने जीएमसाहेबांनी पुन्हा वर बोलावलं. टेबलावर एक पाकीट होतं. मुख्य ऑफिसला मराठीतलं एक पत्र आलं होतं, हाताने लिहिलेलं, रेघी कागदाची दोन पानं. तिथे कुणाला ते वाचता येईना. आमच्या हॉटेलात मराठी येणारं माणूस मी एकटीच, म्हणून इंग्रजी करायला ते माझ्याकडे पाठवलं होतं. "आज ही भेजना है," ते म्हणाले. जाण्याआधी त्यांना सगळ्या फाइली बंद करायच्या होत्या.

पत्र सुमनताईंचं होतं. मी जीएमसाहेबांच्याच संगणकावर बसून ते वाक्यावाक्याने उतरवू लागले. सुमनताईंनी लिहिलं होतं:

"तुमच्या हॉटेलातल्या बाई माझ्याशी खोटं बोलल्या. त्यांनी ते माझ्या तोंडावर कबूल केलं. तुम्ही अजून केलेलं नाही. एकटी ती बाई खोटं बोलली असती तर तिच्याआधी काउंटरवरची पोरगी तेच वाक्य तसंच्या तसं कसं म्हणाली? म्हणजे ते कुणीतरी शिकवलेलं आहे. ते कुणी शिकवलं ते शोधा.

"तुमचे पॉइंट मला नकोत. माझ्या मिस्टरांनी पंचवीस वर्षं तुमच्याकडे रात्री काढल्या, म्हणून तुम्ही त्यांना सोन्याचं कार्ड दिलंत. त्या रात्री मी सांगलीत एकटी होते. मुलं आजारी पडली त्या रात्री. सासूबाई गेल्या ती रात्र. त्या रात्री माझ्या होत्या. मी त्या तुम्हाला दिल्या होत्या. बदल्यात मी पाच तास मागितले."

इथे मला थांबावं लागलं. जीएमसाहेब मागे उभे राहून पडद्यावरचं इंग्रजी वाचत होते.

"पहला पैराग्राफ थोड़ा पोलाइट कर दीजिए. आपके लिए भी अच्छा रहेगा."

"बाईंनी जसं लिहिलंय तसंच जाईल, सर," मी हिंदीत म्हटलं.

"और ये नीचे वाला हिस्सा, रात वगैरह, ये तो पर्सनल है. ये निकाल दीजिए. इसका कंप्लेंट से क्या लेना-देना?"

"सर, कंप्लेंट यही है," मी म्हटलं, आणि त्यांनी हात पुढे करायच्या आत पत्र पाठवून दिलं.